चार रविवारांची नोंद

१

सोमवारी सकाळी प्रोबेशनच्या मॅडम ऑफिसात आल्या. पर्स खुंटीला अडकवतात न अडकवतात तोच कारकुनानं एक कागद टेबलावर ठेवला आणि तो तिथंच उभा राहिला. वाईट बातमी आणली की तो असाच थांबायचा, जणू कागदाला एकट्यानं राहायची भीती वाटेल.

“कोणाचा?”

“लिफ्टवाल्याचा, ताई.”

मॅडमनी चष्मा नाकावर वर ढकलला. लिफ्टवाल्याची दोन वर्षं संपायला सतरा दिवस राहिले होते. सबंध यादीत नाकासमोर चालणारा असा तोच एक. गेले तेवीस महिने दर सोमवारी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी बाहेरच्या बाकावर येऊन बसलेला असायचा.

बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. हात सोन्याचे, पण घसा ओला. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा दंड आणि सहा महिने लायसन्स जप्त. दुसऱ्यांदा पकडला तेव्हा मागच्या सीटवर नऊ वर्षांची मुलगी झोपलेली होती. कोर्टानं चौदा महिन्यांची कैद सुनावली, पण ती स्थगित ठेवली. दोन वर्षं थेंबाला शिवायचं नाही, दर आठवड्याला हजेरी, आणि गाडी चालवायची तर फक्त कामासाठी, तीही यंत्र बसवलेली. त्याच आठवड्यात बायको मुलीला घेऊन निघून गेली.

यंत्र म्हणजे इंजिनाला जोडलेली एक नळी. किल्ली फिरवली की ते जागं होतं. फुंक मारायची, पडद्यावर आकडा येतो. श्वासात दारू असली तर इंजिन जागचं हलत नाही. नसली तर बटण दाबायचं, गाडी सुरू. प्रत्येक फुंकेची नोंद महिन्याअखेर ऑफिसात येते. लिफ्टवाला त्याला ‘फुंकणी’ म्हणायचा. “आमच्या घरातली चूल विझली आणि फुंकणी आली,” असं एकदा हसत म्हणाला होता. मॅडमना तेव्हा हसू आलं नव्हतं.

कागदावर महिनाभराच्या नोंदी होत्या. त्यांतल्या तीन ओळी लाल. तीन वेगवेगळे रविवार, वेळ सकाळी नऊच्या थोडं पुढे. श्वासात दारू, इंजिन बंद.

“प्रोबेशनवर असताना प्यायला,” कारकून म्हणाला. “म्हणजे जुने चौदा महिने तर आत जाणारच, वर लायसन्स कायमचं रद्द. गाडी ताब्यात घेतलीय. पुढच्या गुरुवारी कोर्टापुढे आहे. तुमचा अहवाल मागितलाय.”

“तो काय म्हणतो?”

“बाहेर बसलाय. तुम्हीच विचारा.”

लिफ्टवाला आत आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मॅडमनी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो वाचला. वाचताना त्याचा चेहरा पडायला हवा होता. तो उलट मऊ झाला, एखादं जुनं पत्र सापडावं तसा.

“तुम्ही प्यायलात?”

त्यानं कागद तसाच परत सरकवला.

“मी विचारतेय. हो की नाही?”

“यंत्र म्हणतंय ना मॅडम,” तो हळूच म्हणाला, “मग असेल.”

२

मॅडमनी तेवीस वर्षांत हरतऱ्हेचे गुन्हेगार पाहिले होते. न केलेलं नाकारणारे, केलेलंही नाकारणारे, कफ सिरपवर आणि चुलत्यावर ढकलणारे. पण “असेल” म्हणणारा पहिलाच.

त्यांना स्वतःचा दादा आठवला. तोही असाच तिसऱ्यांदा पकडला गेला होता. आत गेला, शिक्षा भोगून सुटला, पण घरी आलाच नाही. तुरुंगाच्या दारातून परस्पर कुठे गेला ते आजतागायत कळलं नव्हतं. त्या वेळी कोणी त्याला दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. अजूनही गर्दीत कोणी खांदे पाडून चालताना दिसलं की मॅडम चार पावलं जास्त चालून त्याचं तोंड बघून येत.

दुपारी त्यांनी तो कागद पुन्हा उघडला. लाल ओळी सगळ्यांनीच वाचल्या होत्या, मॅडम काळ्या ओळी वाचायला बसल्या.

दोन गोष्टी नजरेत भरल्या. प्रत्येक लाल नोंदीच्या आधी ‘अपुरी फुंक’ अशी एक नोंद होती. त्या यंत्रात सलग आणि एका लयीत फुंकावं लागतं, नाहीतर ते घेत नाही. लिफ्टवाला तेवीस महिने रोज पाच-सहा वेळा फुंकत होता. पहिल्या आठवड्यानंतर त्याची एकही फुंक अपुरी नव्हती. आणि आता अचानक दर रविवारी?

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. लाल रविवार पहिला, दुसरा आणि चौथा. मधल्या तिसऱ्या रविवारीही नऊ वाजून अकरा मिनिटांनी नोंद होती. आधी अपुरी फुंक, मग पूर्ण फुंक. श्वास स्वच्छ. यंत्रानं परवानगी दिलेली.

आणि तरीही इंजिन सुरू केलेलं नव्हतं.

३

मंगळवारी मॅडम लिफ्टवाल्याच्या राहत्या जागी गेल्या. पोहण्याच्या तलावासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली आणि हातभर गॅलरी. खाली रस्त्याच्या कडेला गाडी उभी राहायची ती जागा आता रिकामी होती, तेलाचा डाग तेवढा उरला होता.

घरमालकीण जिन्यातच भेटली. “नेली ना गाडी? सुटले! माझ्या खिडकीसमोर भिंतीसारखी उभी असायची.”

“तुम्ही कधी त्या गाडीत बसला होता?”

“मी? अहो, मला जिना चढताना धाप लागते, त्या डब्यात कुठे चढू? आणि किल्ली कोण देतंय मला!”

“रविवारी सकाळी ते काय करतात?”

“काय करणार! पावणेनऊला चहा घेऊन गॅलरीत उभे. त्या वेळी मी खाली कुंड्यांना पाणी घालते ना, दिसतात. चहा निवून गार होतो तरी प्यायचं नाव नाही. सव्वानऊ-साडेनऊपर्यंत पुतळा. मी एकदा म्हटलं, अहो, रस्त्यावर बघायचं काय एवढं? तर म्हणाले, पोरं पोहायला येतात, बरं वाटतं.” बाईंनी आवाज खाली आणला. “त्यांची पोरगी येते इथे. महिन्यातून एकदाच भेटायची परवानगी आहे म्हणे. म्हणून तर ही खोली घेतली. नळाला पाणी नाही, उजेड नाही, पण गॅलरी आहे.”

“गेला महिनाभरही उभे असायचे? चारही रविवार?”

“एकही चुकला नाही.”

म्हणजे नऊ वाजून दहा-पंधरा मिनिटांनी लिफ्टवाला वर होता. गाडीत दुसरंच कोणीतरी बसलं होतं. आणि गाडी बरोबर गॅलरीखाली उभी. गाडीत कोण चढलं ते त्याला दिसलं नसणं शक्यच नव्हतं.

तिथून मॅडम लिफ्टवाल्याच्या कारखान्यावर गेल्या. धाकटा भाऊ लिफ्टचं दार आडवं टाकून त्याची कडी घासत होता. धंदा दोघांचा. दुसरी किल्ली याच्याकडे.

“दादा आत गेला तर धंदा माझ्या एकट्याच्या नावावर होईल, असं लोक बोलतात. मलाही कळतं ते,” तो आपणहून म्हणाला. “पण मॅडम, त्या चारही रविवारी मी हॉस्पिटलच्या लिफ्टवर होतो. आठ ते बारा. तिथल्या वहीत सही आहे, हवं तर आत्ता फोन लावतो.”

त्यानं लावून दिला. सह्या होत्या.

“किल्ल्या दोनच?”

भावानं कानस खाली ठेवली. “गाडी घेतली तेव्हा तीन होत्या.”

“तिसरी?”

“ती हरवली.” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “निदान दादा तसं सांगतो.”

“कोणाकडून हरवली?”

त्यानं कानस पुन्हा उचलली. “वहिनीकडून.”

४

वहिनी, म्हणजे लिफ्टवाल्याची बायको, चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मॅडमच्या चष्म्याची दांडी सहा महिन्यांपासून सैल होती. काम आणि निमित्त दोन्ही घेऊन त्या शनिवारी सकाळी तिथे गेल्या.

काउंटरवर ती होती. किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिनं चष्मा घेतला, पाहिला आणि आत मालकाकडे दिला.

“मी ऐकलं होतं, बारीक कामात तुमचा हात धरणारं कोणी नाही,” मॅडम म्हणाल्या.

“आता मी बाहेरच बसते,” ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मालक स्क्रू बसवता बसवता पुटपुटला, “मोहरीएवढा स्क्रू डोळे मिटून लावायची ही. दोन-तीन महिने झाले, सकाळी हात थरथरतो. विचारलं तर म्हणते झोप होत नाही.” त्यानं चष्मा पुसून दिला. “एकटी बाई. आपण कुठवर विचारणार?”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आता जग सरळ दिसत होतं. पण जे दिसत होतं ते त्यांना नको होतं.

दारू पिणाऱ्या नवऱ्याला सोडून आलेली बाई. तिचा सकाळी हात थरथरतो. तिच्याकडे तिसरी किल्ली. पण तिनं त्याच्या गाडीत चढून नळीत फुंकावं कशाला? सूड? नवऱ्याला आत घालायचं असतं तर सतरा दिवस उरेपर्यंत थांबली असती का? आणि सूडच घ्यायचा तर तिसऱ्या रविवारी स्वच्छ श्वास कशाला?

५

दुसऱ्या दिवशी रविवार. मॅडम पावणेनऊला तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. लिफ्टवाल्याची बायको आली, मुलीला दाराशी सोडलं आणि बाहेरच्या बाहेर वळली. रस्त्यावरच्या त्या रिकाम्या जागेशी पोचल्यावर ती थांबली. तेलाच्या डागाकडे बघत राहिली. मान वर करून तिनं गॅलरीकडे पाहिलं नाही, पण तिथून हललीही नाही. मग चालू लागली.

पोहणं आटोपल्यावर मुलगी केस पुसत मॅडमच्या शेजारी येऊन बसली. अकरा वर्षांची, एक पुढचा दात जरा तिरका.

“तुम्ही कोणाची आई?”

“कोणाचीच नाही. तू छान पोहतेस. आता घरी?”

“नाही, आजीकडे. रविवारी आजीकडे जातो आम्ही. लांब आहे, हायवेनं.”

“गाडीनं?”

“आईच्या गाडीनंच जायचो. पण हल्ली बसनं. आई म्हणते गाडी बिघडलीय.” तिनं टॉवेलमधून डोकं बाहेर काढलं. “पण काही बिघडली नाहीये! मामा बुधवारी घेऊन गेला होता, मस्त चालली. आणि मध्ये एका रविवारी तर आम्हीही गेलो गाडीनं. त्याच्या आधी दोनदा बस, मग एकदा गाडी, मग परत बस. मला सांगा, अशी कुठली गाडी बिघडते?”

बस, बस, गाडी, बस.

लाल, लाल, स्वच्छ, लाल.

लहान मुलीला असं बोलतं केल्याची मॅडमना लाज वाटली. त्यांनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि उठल्या.

६

लिफ्टवाल्यानं दार उघडलं. मॅडम आत जाऊन एकुलत्या खुर्चीवर बसल्या.

“मी सांगते, तुम्ही फक्त ऐका. गाडीत तुम्ही नव्हता. किल्ली असलेलं पण फुंकायची सवय नसलेलं माणूस होतं. त्या माणसाला गाडी चालवायचीच नव्हती, कारण यंत्रानं हो म्हटलं त्या दिवशीही ते उतरून गेलं. मग फुंकलं कशासाठी? तर आकडा बघण्यासाठी. स्वतःचा. आपल्याला पुढे हायवेवर मुलीला घेऊन गाडी चालवायचीय, रात्रीची अजून अंगात आहे का, हे कोणाला विचारणार? शेजाऱ्याला विचारता येत नाही, डॉक्टरला विचारायची लाज. गावात एकच वस्तू होती जी खरं सांगेल आणि कोणाला बोलणार नाही. तिनं नाही म्हटलं की ती बाई मुलीला बसनं न्यायची. हो म्हटलं तर गाडीनं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, इथे तर तिचं घरच पोळलं होतं. चुकलं का काही?”

लिफ्टवाला भिंतीला टेकून खाली बसला.

“लिहू नका,” तो म्हणाला. “मॅडम, पाया पडतो. हे कागदावर आलं की पोर तिच्यापासून तोडतील. बाप दारुडा, आई दारुडी, मग पोर कुठे जाईल? माझी काय, चौदा महिन्यांची बात आहे.”

“तुम्ही तिला अडवलं का नाही? खाली उतरून सांगायचं होतं, बाई गं, प्रत्येक फुंक माझ्या नावावर चढते.”

तो नखांत अडकलेलं ग्रीस कोरू लागला.

“पहिल्यांदा ती गाडीत चढली ना, तेव्हा मला वाटलं भास झाला. दोन वर्षांत तिनं या इमारतीकडे मान वळवून बघितलं नव्हतं. चढली, माझ्या जागेवर बसली. वरून तिचे गुडघे दिसायचे आणि हात. दुसऱ्या आठवड्यात मी रात्रीच गाडी जरा पुढे घेऊन ठेवली, म्हणजे हँडब्रेक सोडून धक्का दिला हो, सुरू नाही केली. तिथून चेहरा दिसायचा. मी खाली उतरलो असतो तर ती परत आली नसती. कळत होतं मला, काय फुंकतेय आणि कशासाठी. हेही कळत होतं की हे तिला माझ्यामुळे लागलं. मी सोडली आणि तिनं धरली. खाली जाऊन तिला मदत करायला हवी होती. मी मात्र गॅलरीत उभा राहून पुढच्या रविवारची वाट बघत बसलो. खरा गुन्हा हा आहे. यासाठी मला आत टाका.”

७

सोमवारी दुकानाची जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मॅडम तिला दाराशी गाठून शेजारच्या बागेत घेऊन गेल्या. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ती ऐकत होती, चेहऱ्यावर रेषही न हलवता. ‘गुरुवारी कोर्ट’ हे शब्द आले तेव्हा मात्र तिनं बाकाची कड पकडली.

“नोंद होते?” ती म्हणाली. “मला वाटलं ते फक्त गाडी अडवतं.”

“सगळ्याची नोंद होते.”

“आणि तो बोलला नाही?”

“यंत्र म्हणतंय तर असेल, एवढंच बोलला.”

ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. “शनिवारी रात्री पोर झोपली की घर इतकं शांत होतं, मॅडम. तो प्यायलेला असायचा तेव्हा मी देवाला म्हणायचे, एक रात्र शांतता दे. मिळाली. मग त्या शांततेचं काय करायचं कळेना. त्याचीच एक बाटली सामानात आली होती. वासासाठी उघडली. खोटं वाटेल तुम्हाला, पण आधी फक्त वासासाठी.”

मॅडमना खोटं वाटलं नाही.

“मी खोटा अहवाल लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठीही नाही. गुरुवारी खरं तेच मांडीन. पण ते आधी तुमच्या तोंडून आलं तर त्याचं वजन वेगळं पडेल. प्यायल्यावर तुम्ही गाडी चालवली नाहीत, तिन्ही वेळा नाहीत. हे विसरू नका. आणि मी ते विसरू देणार नाही.”

“पोर नेतील का?”

“माहीत नाही.” मॅडमना दुसरं काही बोलता आलं असतं, पण त्या बोलल्या नाहीत.

८

गुरुवारी अकराला प्रकरण पुकारलं गेलं. सरकारी वकिलानं लाल ओळी वाचल्या. तिसरी वेळ, तीही प्रोबेशनवर असताना. चौदा महिन्यांची शिक्षा अंमलात आणावी, लायसन्स कायमचं रद्द करावं. लिफ्टवाला मान खाली घालून उभा होता.

“काही म्हणायचंय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“मला म्हणायचंय.”

मागच्या बाकावरून ती उठली होती. तिचा भाऊ, मुलीचा मामा, शेजारी होता, त्याचा हात तिच्या पाठीवर. ती पुढे आली, पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि चारही रविवार सांगितले, एकेक करून, वेळेसकट. आवाज शेवटच्या रविवारी फुटला. मग मॅडमनी अहवाल दिला. घरमालकिणीचं म्हणणं, हॉस्पिटलच्या सह्या, अपुऱ्या फुंका, न सुरू झालेलं इंजिन. पोरीचं बोलणंही सांगावंच लागलं.

न्यायाधीश कागद पुन्हा पुन्हा उलटत होते. शेवटी म्हणाले, यानं दारू प्यायल्याचा पुरावा नाही, जुनी शिक्षा स्थगितच राहील. पण माहीत असून यानं अधिकाऱ्यापासून लपवलं, म्हणून प्रोबेशन सहा महिने वाढेल. बाईंवर गुन्हा नाही, न चालवलेल्या गाडीचा गुन्हा नसतो. मात्र मुलीचा विचार करणं कोर्टाला भाग आहे. बाईंनी सहा महिने उपचार घ्यावेत, तोवर मामा त्याच घरात राहील, दर महिन्याला तपासणी होईल. उपचार किंवा तपासणी एकदाही चुकली तर मुलीचा पुन्हा विचार होईल.

मुलगी घरीच राहिली. पण ‘पुन्हा विचार होईल’ हे शब्दही घरी आले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघं एकाच बाकावर बसली, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. मॅडम पाणी प्यायच्या निमित्तानं जरा दूर थांबल्या.

“तू कशी सोडलीस?” तिनं विचारलं. दोन वर्षांत तिनं त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“पहिला आठवडा वाईट असतो,” तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. “संध्याकाळी सातला सुरू होतं. हाताला काम दे. मी जिना धुवायचो. घरमालकिणीला वाटलं मला वेड लागलं.” मग जरा थांबून, “सातला फोन कर हवं तर. बोलायचं काही नसलं तरी चालेल.”

मामानं हाक मारली तशी ती उठून गेली.

९

सोमवारी लिफ्टवाला पाच मिनिटं आधी बाकावर होता. मॅडमनी हजेरीवर सही घेतली, कामाची चौकशी केली. तो उठला, पण दाराशी रेंगाळला.

“आला का फोन?” मॅडमनी न राहवून विचारलं.

“आला. शुक्रवारपासून रोज येतोय.”

“काय म्हणतात त्या?”

“काही नाही. फोन ओट्यावर ठेवून देते आणि काम करत राहते. भांड्यांचा आवाज येतो. मामाचा खोकला येतो.” तो ओशाळून हसला. “मी कानाला लावून बसतो, तासभर. काल पोर शाळेची कविता पाठ करत होती. दोनदा एकाच ठिकाणी अडली.”

“मग?”

“मला येत होती ना ती ओळ. मीच शिकवली होती कधीतरी.” त्यानं दाराची कडी घट्ट धरली. “पोरीशी बोलायची परवानगी महिन्यातून एकदाच आहे. म्हणून मी तोंडावर हात ठेवून मनातल्या मनात म्हटली. तिसऱ्यांदा तिला बरोबर आली, मॅडम.”